चार संगणक, एक ॲरे: कुणाकडं काय ठेवायचं ते आधी ठरवा

एप्रिल संपत आला होता. सोलापुरात त्या दिवसांत दुपारी बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं. आमच्या लॅबमध्ये मात्र गर्दी, कारण एसी तिथंच. शेवटच्या वर्षाच्या एका पोरानं प्रोजेक्टला झकास विषय घेतला होता: यंत्रमागाच्या कारखान्याचा पत्रा उन्हात तापतो तेव्हा उष्णता त्यावर कशी पसरते? त्यानं पत्र्याचे ८००० गुणिले ८००० कप्पे पाडले होते (आकड्यांच्या अशा तक्त्याला ॲरे म्हणतात). प्रत्येक कप्प्याचं नवं तापमान म्हणजे शेजारच्या चार कप्प्यांची सरासरी, आणि अशा १००० फेऱ्या. एका संगणकावर पावणेतीन मिनिटं लागत होती. मग त्यानं चार संगणक साध्या गिगाबिट स्विचला जोडले आणि वेळ झाला चौदा मिनिटं.

"सर, केबल खराब असंल का?"

केबल ठणठणीत होती. चूक होती वाटपात, आणि त्याहून जास्त मेसेज कुठं पाठवला त्यात. ती दुरुस्त करताना आम्ही हातानं जे केलं, तेच काम कंपायलरनं, म्हणजे आपला कोड संगणकाच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामनं, आपोआप करावं म्हणून गेली पस्तीस-चाळीस वर्षं संशोधन चाललंय. म्हणून हा लेख कंपायलरच्या नजरेनं लिहितोय. तुमच्याकडं असा कंपायलर नसला तरी त्याच्यासारखा विचार करून कोड हातानं लिहिता येतो, आणि असला तर त्याला नेमकं काय सांगायचं ते कळतं.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. इथं प्रत्येक संगणकाची मेमरी स्वतंत्र आहे. शेजाऱ्याच्या मेमरीतला आकडा हवा असेल तर मेसेज पाठवूनच मागवावा लागतो. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेनं बांधलेला परम ८००० हा महासंगणक याच जातीचा होता: ट्रान्सप्युटर चिप, प्रत्येकीची मेमरी वेगळी, आपसांत तारा. आजच्या मोठ्या क्लस्टरमध्येही (एकत्र जोडलेल्या संगणकांच्या ताफ्यात) नोड-नोडांमध्ये, म्हणजे संगणका-संगणकांमध्ये, हीच व्यवस्था असते.

लूप वाचा, पण संगणक विसरून

लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोडचा भाग. पोराचा मूळ कोड असा:

फेरी = १ ते १०००
  ओळ = १ ते ७९९८
    स्तंभ = १ ते ७९९८
      नवा[ओळ][स्तंभ] = ०.२५ × (जुना[ओळ−१][स्तंभ] + जुना[ओळ+१][स्तंभ] + जुना[ओळ][स्तंभ−१] + जुना[ओळ][स्तंभ+१])
  जुना आणि नवा यांची अदलाबदल

कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा. लिहिलं कुठं जातंय? वाचलं कुठून जातंय? आणि एका कप्प्याचं उत्तर त्याच फेरीत दुसऱ्या कप्प्याला लागतंय का? इथं वाचतोय 'जुना'मधून आणि लिहितोय 'नवा'मध्ये, त्यामुळं एका फेरीतले सगळे कप्पे एकमेकांपासून मोकळे आहेत. कुणीही, कधीही, कुठल्याही क्रमानं मोजा.

मेमरी वाचवायला कुणी एकच ॲरे ठेवून त्यातच वाचायला-लिहायला लागलं, की चित्र पालटतं. मग वरच्या ओळीचं ताजं उत्तर खालच्या ओळीला लागतं आणि काम रांगेत उभं राहतं. दिसायला कोड जवळपास तोच, समांतर करायला, म्हणजे एकाच वेळी अनेकांकडून करून घ्यायला, मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून अवलंबित्व, म्हणजे कुणाचं उत्तर कुणाला लागतं ते, तपासल्याशिवाय वाटपाला हात लावू नका. कंपायलरही आधी हेच तपासतो, आणि खात्री पटली नाही तर लूप आहे तसा एकामागून एक चालवतो.

जोडीनं राहणारे ॲरे जोडीनंच ठेवा

'जुना'ची ४५०० वी ओळ एका संगणकावर आणि 'नवा'ची ४५०० वी ओळ दुसऱ्यावर ठेवली, तर प्रत्येक कप्प्यासाठी तार खडखडत राहणार. म्हणून वाटण्याआधी ॲरे एकमेकांना जुळवून घ्यायचे. याला अलाईनमेंट म्हणतात. आमच्या उदाहरणात ते सरळ आहे, ओळीला ओळ आणि स्तंभाला स्तंभ. पण एका लूपमध्ये अ[क्र] आणि ब[क्र+१] एकत्र येत असतील तर 'ब' एका घरानं सरकवून जुळवावा लागतो, आणि एक ॲरे आडवा, दुसरा उभा वापरला जात असेल तर एकाला फिरवून. दहा-बारा ॲरे आणि वीस-पंचवीस लूप झाले की प्रत्येक लूपची मागणी वेगळी निघते. सगळ्यांचं समाधान करणारी सर्वोत्तम जुळणी शोधणं हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे तो झटपट आणि अचूक सोडवायची रीत कुणालाच माहीत नाही. त्यामुळं कंपायलरही इथं ठोकताळ्यांवरच चालतो. तुम्ही जास्त वेळ खाणारा लूप आधी धरा, त्याच्या सोयीनं जुळणी करा, बाकीच्यांनी सोसावं.

वाटप: सलग, फिरतं, की दोन्हींचं मिश्रण

आमच्या गल्लीतल्या कारखान्यात एका कामगाराकडं शेजारशेजारचे माग असतात. एक दारापाशी आणि दुसरा मागच्या भिंतीपाशी असं कुणी देत नाही, माणूस चालूनच थकेल. ब्लॉक वाटप म्हणजे हेच. ८००० ओळी चौघांत: पहिल्याला ० ते १९९९, दुसऱ्याला २००० ते ३९९९, आणि पुढं तसंच. शेजारच्या कप्प्याशी देणंघेणं असलेल्या कामाला, म्हणजे आमच्या पत्र्याला, हेच शोभतं. शेजारी बहुतेक वेळा आपल्याच घरात सापडतो.

पण सगळी कामं पत्र्यासारखी सपाट नसतात. समजा लूप त्रिकोणी आहे: पहिल्या ओळीत एक कप्पा, दुसरीत दोन, शेवटच्या ओळीत सगळे. ब्लॉक वाटप केलं तर चौघांच्या वाट्याला एकूण कामाचा १/१६, ३/१६, ५/१६ आणि ७/१६ हिस्सा येतो. पहिला केव्हाच चहाला गेलेला, चौथा घाम पुसतोय. सगळ्यांना चौथ्यासाठी थांबावं लागतं, म्हणून वेग चौपट न होता १६ भागिले ७, म्हणजे जेमतेम सव्वादोन पट. इथं सायक्लिक वाटप करा, पत्ते वाटतात तसं: ओळ ० पहिल्याला, १ दुसऱ्याला, २ तिसऱ्याला, ३ चौथ्याला, ४ पुन्हा पहिल्याला. काम जवळजवळ सारखं वाटलं जातं. समीकरणांच्या मोठ्या संचात जसजसं उत्तर पुढं सरकतं तसतसा उरलेला चौकोन लहान होत जातो, तिथंही हीच अडचण येते आणि उपाय हाच.

सायक्लिकची किंमत अशी, की शेजारी कायम परक्याच्या घरी. पत्र्याला सायक्लिक लावलं तर प्रत्येक ओळीची वरची आणि खालची ओळ दुसऱ्याकडं असणार. म्हणून मधला मार्ग ब्लॉक-सायक्लिक: ओळींचे छोटे गठ्ठे करायचे, समजा ६४-६४ चे, आणि ते गठ्ठे पत्त्यांसारखे वाटायचे. स्कॅलापॅक या प्रसिद्ध लायब्ररीनं मॅट्रिक्ससाठी दोन्ही दिशांनी हेच वाटप घेतलं.

सूत्रं तोंडपाठ असलेली बरी. 'क्र' म्हणजे ओळीचा क्रमांक, 'न' म्हणजे एकूण ओळी, 'प' म्हणजे संगणक, 'क' म्हणजे गठ्ठ्याचा आकार. सगळं शून्यापासून मोजायचं आणि भागाकारातली बाकी सोडून द्यायची.

ब्लॉक: ब = न/प, वरच्या पूर्णांकाला नेऊन. मालक = क्र/ब. घरातला क्रमांक = क्र भागिले ब ची बाकी.
सायक्लिक: मालक = क्र भागिले प ची बाकी. घरातला क्रमांक = क्र/प.
ब्लॉक-सायक्लिक: मालक = (क्र/क) भागिले प ची बाकी. घरातला क्रमांक = (क्र/(क×प))×क + (क्र भागिले क ची बाकी).

ब्लॉकच्या सूत्रात एक खड्डा आहे. न = ९ आणि प = ४ घ्या. ब येतो ३. वाटप होतं ३, ३, ३ आणि शून्य. चौथा संगणक रिकामा, आणि त्याच्याकडून ओळ येईल म्हणून तिसरा वाट बघत बसलेला. हे टाळायचं तर संगणक क्रमांक 'म' चा आरंभ म×न/प आणि शेवट (म+१)×न/प च्या आधीपर्यंत धरा. मग वाटप २, २, २, ३ असं होतं.

ज्याची ओळ, त्यानं मोजायची

वाटप ठरलं की कामाची विभागणी आपोआप होते. ज्याच्या घरात डाव्या बाजूचा कप्पा, म्हणजे ज्यात उत्तर लिहायचं तो, गणित त्यानंच करायचं. कंपायलरवाले याला मालकाचा नियम म्हणतात. एखाद्या लूपमध्ये उत्तर एकच आणि वाचायचे ॲरे डझनभर असतील, तर आकडे जिथं जास्त आहेत तिथं मोजून फक्त उत्तर पाठवणं स्वस्त पडतं. पण सुरुवात या नियमानं करा.

बावळट कंपायलर काय करेल? चारही संगणकांवर संपूर्ण लूप चालवेल आणि प्रत्येक कप्प्यापाशी विचारेल, "हा माझा का?" एका फेरीत जवळपास ६ कोटी ४० लाख वेळा. शहाणा कंपायलर ती अट लूपच्या हद्दीत विरघळवून टाकतो:

खालची हद्द = १ आणि २०००×म यांतली मोठी
वरची हद्द = ७९९८ आणि २०००×म + १९९९ यांतली लहान

आता आत एकही प्रश्न उरत नाही. मेमरीही तेवढीच घ्यायची. पूर्ण ॲरे ८ बाइटच्या आकड्यांनी ५१२ मेगाबाइटचा होतो, प्रत्येकानं फक्त आपले १२८ ठेवायचे. आमच्या पोरानं चारही ठिकाणी पूर्ण ॲरे घेतला होता. ते चाललं असतं, पण उद्या पत्रा दुप्पट लांब-रुंद केला की मेमरी चौपट लागते, आणि मशीन गप्प बसतं.

मेसेज: खरी मेख इथं

दुसऱ्या संगणकाला २००० वी ओळ मोजायला १९९९ वी लागते, ती पहिल्याकडं आहे. ३९९९ वी मोजायला ४००० वी लागते, ती तिसऱ्याकडं. पोरानं काय केलं होतं? सगळ्यात आतल्या लूपमध्ये, शेजाऱ्याचा कप्पा लागला की तिथल्या तिथं तो एक आकडा मागवायचा. एका बाजूला ८०००, दोन बाजूंना १६,००० देवघेवी, प्रत्येक फेरीला.

साध्या गिगाबिट जाळ्यावर मेसेज कितीही छोटा असो, पाठवण्याचाच खर्च साधारण ५० मायक्रोसेकंद धरा. १६,००० गुणिले ५० म्हणजे ०.८ सेकंद. आणि खरं गणित किती? चौथा हिस्सा, ०.०४ सेकंद. १००० फेऱ्यांचे ८४० सेकंद. बरोबर चौदा मिनिटं! उगाच केबलला नावं ठेवली.

सोलापूरकराला इथला उपाय समजावायची गरज नाही. नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात तहान लागल्यावर नळाकडं कुणी जात नाही. पाणी येतं त्या दिवशी टाकी, पिंप, हंडे, कळशा, घरातलं झाडून सगळं भरून घेतात आणि मग निवांत वापरतात. मेसेजचंही तसंच करायचं. आतल्या लूपमधून तो बाहेर काढा आणि अख्खी ओळ एकदम मागवा. ८००० आकडे म्हणजे ६४,००० बाइट. गिगाबिट तारेवर सेकंदाला फार तर १२ कोटी ५० लाख बाइट जातात, म्हणून ५१२ मायक्रोसेकंद, अधिक पाठवणीचे ५०. दोन बाजूंचे मिळून ११२४ मायक्रोसेकंद. ०.८ सेकंदाच्या जागी सव्वा मिलिसेकंदही नाही.

कंपायलरच्या भाषेत याला मेसेज व्हेक्टरायझेशन म्हणतात. मेसेज किती लूप बाहेर काढता येईल हे पहिल्या पायरीतलं अवलंबित्वच सांगतं. ज्या लूपमध्ये तो आकडा बदलतो, त्याच्या बाहेर जाता येत नाही. इथं 'जुना' फेरीच्या आत बदलत नाही, म्हणून फेरीच्या सुरुवातीपर्यंत तो खुशाल बाहेर येतो.

आलेली ओळ ठेवायची कुठं? आपल्या ॲरेलाच वर एक आणि खाली एक जादा ओळ जोडा. तुमच्या ओळी १ ते २०००, पाहुण्या ओळी ० आणि २००१. यांना घोस्ट किंवा हॅलो म्हणतात. यामुळं लूपच्या आतलं गणित अक्षरही न बदलता चालतं. १९८०च्या दशकात बॉन विद्यापीठात तयार झालेल्या सुपर्ब या प्रणालीनं अशा पाहुण्या पट्ट्या किती रुंद हव्यात हे कोड वाचून स्वतः ठरवायला सुरुवात केली. क्र−१ दिसलं तर पट्टी एकची, क्र−२ दिसलं तर दोनची.

आणखी एक डाव: मेसेज सुरू करून द्या, पण त्याची वाट बघत बसू नका. दुसऱ्या संगणकानं तोवर मूळ पत्र्यातल्या २००१ ते ३९९८ या आतल्या ओळी मोजायच्या, त्यांना शेजाऱ्याचं काही लागत नाही. मग मेसेज आला का बघा आणि कडेच्या दोन ओळी उरका. आमच्या इथं गणित ४० मिलिसेकंद आणि मेसेज एक, त्यामुळं फायदा नगण्य होता. आम्ही हे केलं नाही.

दुरुस्तीनंतर प्रोग्राम पंचेचाळीस सेकंदांच्या आत आला.

पट्ट्या की चौकोन

चार संगणकांना पट्ट्या पुरल्या. सोळा असते तर? पट्टी ५०० ओळींची झाली तरी कड तेवढीच लांब, म्हणून मेसेजचा खर्च तोच ११२४ मायक्रोसेकंद, आणि गणित मात्र चौथाई झालेलं. पत्रा ४ गुणिले ४ चौकोनांत कापला तर प्रत्येकाला २००० गुणिले २००० चा तुकडा, चार शेजारी, प्रत्येकाशी १६,००० बाइट. चार गुणिले (५० + १२८) म्हणजे ७१२ मायक्रोसेकंद. मेसेज वाढले, बाइट घटले, एकूण फायदा. तार वेगवान पण पाठवणीचा खर्च जास्त असं जाळं असेल तर निकाल उलटाही लागतो. तुमचे दोन आकडे मोजून हाच हिशेब मांडा, दहा मिनिटांचं काम आहे.

एक सावधगिरी बाळगा. सी भाषेत ओळ मेमरीत सलग असते, स्तंभ विखुरलेला. चौकोनाची उभी कड पाठवायची तर आकडे आधी एका पिशवीत गोळा करावे लागतात, किंवा एमपीआयला (संगणकांत मेसेज पाठवायचं प्रमाणित साधन) पावलाची लांबी, म्हणजे दोन आकड्यांतलं मेमरीतलं अंतर, सांगून ठेवावी लागते. फोरट्रान भाषेत नेमकं उलटं, तिथं स्तंभ सलग. म्हणून तिथं पट्ट्याही उभ्या कापा.

एक लूप आडवा, दुसरा उभा

काही कामांत आधी ओळींतून डावीकडून उजवीकडं आणि मग स्तंभांतून वरून खाली जावं लागतं, आणि प्रत्येक कप्प्याला आधीच्याचं उत्तर लागतं. आडव्या पट्ट्या पहिल्याला सोयीच्या, दुसऱ्याला अडचणीच्या. मध्येच वाटप बदलावं असं वाटतं. हिशेब करा: प्रत्येकानं १२८ पैकी ९६ मेगाबाइट बाहेर पाठवायचे, तारेवर पाऊण सेकंदाहून जास्त, आणि ते ४० मिलिसेकंदांच्या गणितासाठी. नको. त्यापेक्षा पट्ट्या आहेत तशाच ठेवा आणि काम साखळीनं चालवा: पहिल्यानं आपल्या ओळींचे पहिले १०० स्तंभ उरकले की शेवटच्या ओळीतले ते १०० आकडे दुसऱ्याकडं द्यायचे. तो सुरू होतो, तोवर पहिला पुढच्या १०० वर. एक-एक स्तंभ दिला तर पाठवणीचा खर्च खातो, सगळे एकदम दिले तर पुढचे तिघे बसून राहतात. शंभराच्या मागं-पुढं करून बघा.

शेजारी यादीत असेल तेव्हा

पत्रा चौकोनी होता म्हणून शेजारी क्र−१ नि क्र+१ असे सापडले. शहराच्या पाण्याच्या पाइपांचं जाळं घेतलं तर कुठला जोड कुणाला जोडलाय हे वेगळ्या यादीत असतं, आणि लूपमध्ये येतं दाब[जोड[क्र]]. कोड वाचून कंपायलरला काहीच कळत नाही, यादी फाइलमधून येते. यावर जोएल सॉल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी काढलेली तोड इन्स्पेक्टर-एक्झिक्यूटर या नावानं ओळखली जाते. लूप आधी एकदा नुसता चाळायचा, गणित न करता: मला कुणाकुणाकडून कुठले आकडे लागतील? त्यातले दुबार काढायचे, शेजाऱ्यागणिक यादी करायची, आणि ती यादी जपून ठेवायची. मग खऱ्या फेऱ्यांत त्याच यादीनं एका झटक्यात देवघेव. चाळणीचा खर्च बराच असतो, पण जाळं बदलत नसेल तर हजार फेऱ्यांत तो विरून जातो. जाळं दर फेरीला बदलत असेल तर मात्र हा सौदा तोट्याचा.

हे सगळं कंपायलरला सांगता येतं का?

त्यासाठीच १९९३ मध्ये हाय परफॉर्मन्स फोरट्रान आलं. मागं राईस विद्यापीठातले केन केनेडी, व्हिएन्नातले हान्स झिमा अशांचं काम होतं. कोड नेहमीचा लिहायचा, वर टिपणीसारख्या ओळींत सांगायचं: हा ॲरे त्याला अलाईन, तो ब्लॉकनं डिस्ट्रिब्यूट. बाकी हद्दी, घोस्ट, मेसेज कंपायलरनं बघायचे. जपानच्या अर्थ सिम्युलेटर या महासंगणकावर २००२ मध्ये या भाषेतल्या एका प्रोग्रामनं १४.९ टेराफ्लॉप्सचा, म्हणजे सेकंदाला १४.९ लाख कोटी गणितांचा, वेग गाठला. तरी ती भाषा फारशी रुजली नाही. सुरुवातीचे कंपायलर कच्चे होते, आणि माझ्या मते त्याहून मोठी अडचण ही, की कुठली ओळ लिहिली म्हणजे किती मेसेज जातील हे लिहिणाऱ्याला दिसतच नव्हतं. लोक एमपीआयकडं वळले. तिथं कष्ट जास्त, पण खर्च डोळ्यासमोर.

कल्पना मात्र मेली नाही. मोठी न्यूरल नेटवर्क अनेक चिपांवर पसरवताना गूगलच्या एक्सएलए कंपायलरमधलं जीएसपीएमडी (२०२१) हेच करतं: काही ॲरेंवर वाटपाची खूण करा, बाकीच्यांची जुळणी ते स्वतः काढतं. एकाच मशीनमध्ये दोन प्रोसेसर असतील आणि तुम्ही ओपनएमपी (एकाच मेमरीवर लूप समांतर चालवायचं साधन) वापरत असाल तर तिथंही वाटप आहे, फक्त लपलेलं. लिनक्समध्ये मेमरीचं पान साधारणपणे पहिल्यांदा जो थ्रेड (प्रोग्रामचा स्वतंत्र चालणारा धागा) त्यात लिहितो त्याच्या शेजारी बसतं. ॲरे शून्यानं भरायचा लूप एकाच थ्रेडनं चालवला की सगळा ॲरे एका प्रोसेसरच्या दारात. तो लूपही मुख्य लूपसारखाच समांतर करा.

तपासणी

एका संगणकाचं उत्तर आधी फाइलमध्ये ठेवा. मग दोन, तीन आणि चार संगणकांवर चालवून ताडा. तीनवर चालवायला विसरू नका, कारण ८००० ला ३ नं भाग जात नाही आणि हद्दींतल्या चुका तिथंच उघड्या पडतात. पत्र्याच्या कप्प्यांचे आकडे तंतोतंत जुळायला हवेत, प्रत्येक कप्प्याचं गणित तेच आणि त्याच क्रमानं होतंय. फरक आला तर घोस्ट ओळ शिळी आहे असं समजा. सगळ्या पत्र्याची बेरीज काढत असाल तर तिच्या शेवटच्या एक-दोन अंकांतला फरक चालेल, बेरजेचा क्रम बदलतो. शेवटी नऊ ओळींचा चिमुकला पत्रा चार संगणकांवर लावा. आमचा प्रोग्राम तिथं अडकला होता. पाच मिनिटं पडद्यावर काहीच हललं नाही, आणि पोरगं पुन्हा केबलकडं बघायला लागलं.